आरसी रेस कारला बॅटरी कुठली घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ट्रॅकवर गाडी काढली की तासाभरात दोघं-तिघं तरी जवळ येतात आणि विचारतात, "दादा, बॅटरी कुठली टाकलीय?" एका हातात रिमोट असताना दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं. मग तो माणूस दुकानात जातो, डब्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून बॅटरी उचलतो आणि पुढच्या रविवारी तोंड पाडून परत येतो. त्यामुळे नेहमीचे प्रश्न इथे सवडीने घेतले आहेत. मुख्यतः इलेक्ट्रिक, वन-टेन मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक-दशांश) गाड्या डोळ्यांसमोर आहेत.

दुकानात गेल्यावर आधी काय बघू, एमएएच की सी?

दोन्ही नाही. (एमएएच म्हणजे बॅटरीत किती मावतं, सी म्हणजे ती किती जोरात करंट देते. दोन्ही पुढे येतील.) दुकानात जायच्या आधी घरी पट्टी घेऊन बसा आणि गाडीचा बॅटरी-ट्रे मोजा. लांबी, रुंदी, उंची, आणि वायर कुठल्या बाजूने बाहेर येते तेही. वन-टेनच्या हार्डकेस बॅटऱ्या साधारण दोन मापांत मिळतात: लांब 'स्टिक', सुमारे १३९ × ४७ × २५ मिलिमीटर, आणि आखूड 'शॉर्टी', सुमारे ९६ मिलिमीटर लांबीची. तिसरा प्रकार 'सॅडल', म्हणजे दोन वेगळे तुकडे. तो आता मुख्यतः जुन्या बगींमध्ये (कच्च्या ट्रॅकवरच्या गाड्यांमध्ये) दिसतो. कंपनीप्रमाणे माप दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं, आणि घात तिथेच होतो. माझी पहिली लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ट्रेपेक्षा तीन मिलिमीटर लांब निघाली. परत लॅमिंग्टन रोडला कोण जाणार, म्हणून कानस घेऊन चॅसिसचा कठडाच तासला. पहिल्या धडकेत बरोबर त्याच जागी तडा गेला.

ट्रे झाला की ईएससी, म्हणजे स्पीड कंट्रोलर, उलटा करून त्यावर किती सेल चालतात ते वाचा. रेसमध्ये उतरायचं असेल तर आयोजकांना तुमच्या क्लासचा, म्हणजे गटाचा, नियम विचारा. एवढं केलं की निम्म्या बॅटऱ्या आपोआप बाद होतात. एमएएच आणि सी बघायचे ते उरलेल्यांत.

निकेल (एनआयएमएच) घेऊ की लिपो?

रेस करायची असेल तर लिपो.

निकेलच्या एका सेलचे १.२ व्होल्ट. सहा सेल जोडले की ७.२, म्हणून जुन्या गाड्यांच्या डब्यावर ७.२ दिसतं. लिपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा, दोन जोडले की ७.४. कागदावर फरक नगण्य वाटतो. पण सहा सेलचा ५००० एमएएचचा निकेल पॅक चारशे ग्रॅमच्या वर जातो आणि तेवढ्याच क्षमतेची लिपो अडीचशेच्या आसपास असते. वळणावर हे दीडशे ग्रॅम लगेच जाणवतात. शिवाय निकेलची गाडी पहिल्या मिनिटाला वाघ आणि चौथ्याला शेळी. लिपोचा व्होल्टेज भाराखाली कमी दबतो, त्यामुळे ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज शेवटच्या लॅपपर्यंत चुकत नाही.

तरीही आठ-दहा वर्षांच्या मुलाची पहिली गाडी असेल तर मी निकेलच सांगतो. ती पूर्ण उतरवली, आपटली, महिनाभर खेळण्यांच्या टोपल्यात पडून राहिली तरी सहसा सांभाळून घेते. लिपोला असा निष्काळजीपणा खपत नाही.

आणखी एक. लिपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडायला लागतो. म्हणून ईएससीत 'लो व्होल्टेज कट-ऑफ' हवा आणि तो लिपोवर सेट केलेला हवा. मी ३.३ ते ३.४ च्या दरम्यान ठेवतो. जुन्या ईएससीत ही सोय नसेल तर बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलच्या बारीक वायरी असलेल्या छोट्या प्लगला) लावायचा बझर मिळतो, तो लावा. आवाज कर्कश आहे, पण बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त.

२एस, ३एस म्हणजे काय? ३एस टाकली की गाडी दीडपट पळेल ना?

'एस' म्हणजे एकापुढे एक जोडलेले सेल. २एस ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. ३एस ११.१, भरल्यावर १२.६. एक-अष्टमांश मापाच्या इलेक्ट्रिक बगीला बहुधा ४एस लागते आणि वन-ट्वेल्व्हच्या चपट्या रेस गाड्या एकाच सेलवर धावतात.

आता दीडपटीचं. ब्रशलेस मोटरचे फेरे केव्ही (एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) गुणिले व्होल्ट असे निघतात. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर बिनभाराची मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे घेईल, ११.१ वर ३६,६००. फेरे दीडपट झाले हे खरं. पण टायरची पकड तेवढीच, ब्रेक मारायची जागा तेवढीच आणि पार्किंगची भिंतही तिथेच. वर डिफरेन्शियल झिजतं, मोटर तापते, आणि ईएससीवर '२एस'च लिहिलेलं असेल तर पहिल्याच जोरात त्यातून धूर निघतो. ईएससी ३एसला चालत असेल आणि मोकळ्या मैदानात हौस भागवायची असेल तर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चक्र) दोन-तीन दात कमी असलेलं लावा आणि दर दोन-तीन मिनिटांनी मोटरला बोट लावून बघा. बोट टेकवत नसेल तर थांबा. वन-टेन ऑन-रोड आणि बगीच्या रेसमध्ये नियमच २एसचा असतो, तिथे हा विषय निघतच नाही.

मग एमएएच किती घेऊ? ८००० ची घेतली तर जास्त वेळ चालेल ना?

चालेल, पण तुमची रेस किती मिनिटांची आहे? बहुतेक क्लासची पाच. पाच मिनिटांच्या रेसला पंधरा-वीस मिनिटांची बॅटरी म्हणजे दादर ते परळ जायला पाठीवर बिछाना बांधून निघण्यासारखं.

तुमच्या गाडीला खरंच किती लागतं हे चार्जरच सांगतो. पूर्ण भरलेली बॅटरी लावा, घड्याळ लावून पाच मिनिटं रेससारखीच गाडी चालवा, बॅटरी थंड होऊ द्या आणि पुन्हा पूर्ण भरा. किती एमएएच आत गेले ते चार्जरच्या पडद्यावर दिसतं. माझ्या बगीत हा आकडा २१०० च्या आसपास येतो. पाच मिनिटं म्हणजे तासाचा बारावा भाग, म्हणून २.१ गुणिले १२, म्हणजे सरासरी २५ अँपिअर. लिपो ८० टक्क्यांपेक्षा जास्त उपसू नये हा जुना दंडक धरला तर २१०० ला ०.८ ने भागायचं, उत्तर २६२५. म्हणजे हिशेबाने ३००० ची बॅटरी पुरते. मी ४००० च्या आसपासची शॉर्टी वापरतो, कारण थोडी मोठी बॅटरी भाराखाली कमी दबते आणि सरावाची फेरी लांबली तरी चिंता नसते.

आपला आकडा माहीत नसेल तर ढोबळ सांगतो. १७.५ टर्नची (तारेचे साडेसतरा वेढे असलेली) मोटर असलेल्या ऑन-रोड गाडीला ४००० ते ६०००, ऑफ-रोड बगीला ४००० च्या पुढची शॉर्टी, आणि डब्ल्यूएलटॉईज १४४००१ सारख्या छोट्या गाडीला, जी मुळात ७.४ व्होल्ट १५०० एमएएचवर येते, २२०० च्या आसपासची, ट्रेमध्ये बसली तर. वजन कुठे बसतं हेही बघा. ऑन-रोड गाडीत बॅटरी एका बाजूला आणि मोटर दुसऱ्या बाजूला असते. बॅटरी जड झाली की गाडी त्या बाजूला कलते, आणि मग डावं वळण छान, उजवं भलतंच अशी तक्रार सुरू होते.

सी रेटिंग खरं असतं का?

बऱ्याचदा नाही.

सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट बॅटरी सलग देऊ शकते. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास, ५० सी असेल तर २५० अँपिअर. आता स्टिकरवर '१०० सी' छापलेलं बघा: ५०० अँपिअर! आपल्या गल्लीतल्या ग्रिलवाल्याचं वेल्डिंग मशीन सहसा २०० च्या आसपास चालतं. त्याच्या अडीचपट करंट तुमच्या पेन्सिलीपेक्षाही बारीक वायरमधून आणि ६० अँपिअरच्या एक्सटी६० कनेक्टरमधून जाणार? छपाईला काय, आकडा कितीही छापता येतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? अंतर्गत रोधावर, ज्याला सगळे आयआर म्हणतात. बऱ्याच चार्जरमध्ये तो प्रत्येक सेलचा मिलिओहममध्ये दिसतो. चांगल्या २एस रेस पॅकचे सेल १ ते ३ मिलिओहम दाखवतात. दहाच्या वर गेले की बॅटरी थकली समजा.

एवढ्याशा आकड्याने काय होतं, ते बघा. समजा वळणातून बाहेर येताना तुम्ही ८० अँपिअर खेचले. सेलचे ३ मिलिओहम, दोन सेलचे ६. व्होल्टेज पडला ०.४८, म्हणजे अर्धा व्होल्ट. हेच सेल १२ मिलिओहमचे असतील तर एकूण २४, आणि पडला १.९ व्होल्ट! ७.६ वर असलेली बॅटरी त्या क्षणी मोटरला ५.७ देते. ईएससीला वाटतं बॅटरी संपली, तो कट-ऑफ मारतो आणि तुम्ही मोटर बदलायला निघता. मोटर बिचारी ठीकच असते. दोन्ही बॅटऱ्यांवर '५००० एमएएच, ६० सी' हेच स्टिकर असू शकतं.

नवी बॅटरी आणली की पहिल्याच दिवशी तिचे आयआर मोजून कागदी टेपवर तारखेसह लिहा आणि टेप बॅटरीला चिकटवा. मोजताना चार्जर तोच आणि बॅटरी साधारण तितकीच गरम-थंड असू द्या, कारण तापमान बदललं की हा आकडाही बदलतो. चार्जरचं माप काही प्रयोगशाळेचं नसतं, पण आपल्याच दोन मापांची तुलना करायला ते पुरतं.

१८६५० सेलचा पॅक स्वस्तात बनवून मिळतोय, घेऊ?

रेससाठी नको. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असे गोल लिथियम सेल. पॉवरबँकमधले किंवा जुन्या लॅपटॉपमधले सेल एवढा करंट देण्यासाठी बनलेलेच नसतात. आणि '१८६५०, ९८०० एमएएच' असं कुणी सांगितलं तर हसून पुढे व्हा. या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं. बॅटरीबद्दलचं निव्वळ खोटं मी तरी एवढं मोठं दुसरं पाहिलेलं नाही.

ग्राफीन, एचव्ही हे काय असतं?

एचव्ही लिपोचा सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येतो, साध्या लिपोचा ४.२० पर्यंतच. पण कित्येक रेसमध्ये २एसची मर्यादा ८.४० व्होल्टच असते आणि गाडी ट्रॅकवर उतरवण्याआधी मीटर लावून तपासतात. म्हणजे एचव्ही घेतली तरी वरचा फायदा रेसला मिळत नाही. 'ग्राफीन' म्हणजे आत कार्बनचा एक प्रकार मिसळल्याचा दावा. तो शब्द स्टिकरवर असला म्हणून मी एक रुपयाही जास्त देत नाही. आयआर चांगला असेल तर मग स्टिकरवर काहीही असो.

गाडीला जुना पांढरा टॅमिया प्लग आहे. तोच ठेवू?

बदला. त्या प्लगच्या पिना जोरदार करंटला तापतात, प्लास्टिक मऊ पडतं आणि मग प्लग निघता निघत नाही. एक्सटी६० किंवा टी-प्लग लावा, आणि गाडी व बॅटऱ्या सगळ्यांना एकच प्रकार ठेवा. ॲडॅप्टरच्या माळा करू नका. प्रत्येक सांधा म्हणजे थोडा आणखी रोध.

बदलताना बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत. ही चूक मी स्वतः केली आहे. घाईत दोन्ही वायरी कटरच्या जबड्यात घेतल्या आणि दाबलं. फट् करून निळसर ठिणगी, जळका वास, आणि पात्याचा अर्धचंद्राएवढा तुकडा वितळून गायब. तो कटर अजून माझ्याकडे आहे, त्या खाचेतून आता वायर छान सोलते! तर आधी लाल कापा, सोला, प्लगला झाळा, श्रिंक ट्यूब चढवा. ते पूर्ण झाल्यावरच काळीला हात लावा. प्लगवर + आणि − कोरलेलं असतं, ते दोनदा वाचा.

हार्डकेस पॅकमध्ये ४ किंवा ५ मिलिमीटरचे बुलेट (गोल पिनांचे कनेक्टर) असतात. त्यांची चार्जिंग वायर आधी चार्जरला जोडा, मग बॅटरीला. उलट केलंत तर बॅटरीला लोंबणारी दोन उघडी टोकं एकमेकांना भेटतात.

चार्जर कुठला? गाडीबरोबर आलेला चालेल का?

गाडीबरोबर बहुधा 'बी३' जातीचा छोटा डबा येतो, जो बॅलन्स लीडमधूनच साधारण ८०० मिलिअँपिअरने भरतो. १५०० च्या बॅटरीला ठीक आहे. ५००० च्या बॅटरीला सहा तासांच्या वर लागतील.

बॅलन्स चार्जर घ्या. नियम १सीचा: ५००० ला ५ अँपिअर, ४००० ला ४. वॅटही बघा. ८.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ४२ वॅट, तेव्हा ५० वॅटचा चार्जर २एसला पुरतो, ४एसला तोकडा पडतो. बाजारात लोकप्रिय चार्जरच्या नकला भरपूर आहेत आणि त्यांचं माप चुकलेलं असू शकतं. चार्ज पूर्ण झाल्यावर साध्या मल्टिमीटरने एकदा तपासा. ८.४० च्या जागी ८.५० दिसलं तर तो चार्जर परत करा.

आणि चार्ज सुरू करण्याआधी पडद्यावर 'लिपो' लिहिलंय की 'एनआयएमएच', हे मोठ्याने वाचा. निकेलच्या मोडवर लिपो लावली तर चार्जर ८.४ ला थांबतच नाही. लिपोच्या आगींचं हे अगदी नेहमीचं कारण.

घरचे म्हणतात, "स्फोट होईल, घरात चार्ज करायचं नाही." काय सांगू?

घरच्यांचं अगदीच चुकत नाही. वन-बीएचकेमध्ये जागा शोधायची तर मी कडप्प्याची फरशी निवडतो: वर पडदा नाही, खाली चटई नाही, बाजूला गॅस सिलिंडर नाही. सोफा, गादी, चपलांचं लाकडी कपाट, हे सगळं बाद. घराच्या दाराजवळही नाही, कारण काही झालं तर बाहेर पळायची वाट तीच. चाळीत राहत असाल तर सामाईक गॅलरीतही नको, याच कारणाने.

बॅटरी गाडीतून काढून, लिपो बॅगमध्ये (आगीला टिकणाऱ्या पिशवीत) किंवा मातीच्या कुंडीत ठेवून भरा. बाजूला कोरड्या रेतीची बादली ठेवा. मुंबईत प्रत्येक तिसऱ्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, बादलीभर रेतीला कुणी नाही म्हणत नाही. ओली असेल तर आधी उन्हात वाळवा. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जायचं नाही आणि झोपायचं तर मुळीच नाही. बॅटरी धुमसायला लागली तर आधी मेन स्विच बंद करा आणि जवळ न वाकता जमलं तरच रेती टाका. तो धूर विषारी असतो, छातीत घेऊ नका. आटोक्यात येत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ लावा.

मे महिन्याचा उकाडा आणि नंतर चार महिने पाऊस. बॅटरी कशी ठेवू?

मुंबईत बॅटऱ्या ट्रॅकवर कमी आणि माळ्यावर जास्त मरतात. मेच्या शेवटच्या रविवारी लोक "पुढच्या आठवड्यात येऊच" म्हणत बॅटरी पूर्ण भरून ठेवतात. तेवढ्यात पाऊस येतो, गाडी माळ्यावर जाते आणि गणपतीत मखराचं सामान काढताना फुगलेली बॅटरी हाती लागते. पूर्ण भरलेली लिपो उकाड्यात आठवडेच्या आठवडे पडून राहिली की आतून खराब होत जाते.

चार्जरमध्ये 'स्टोरेज' मोड असतो, तो वापरा. प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवायचा. आठवडाभर गाडी चालवायची नसेल तरीही हेच करा. जागा पंख्याखालचं कपाट, पत्र्याखालचा माळा नाही. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका म्हणजे दमट हवेत पिनांवर हिरवट थर येत नाही. डबा स्टीलचा असेल तर टोकांवर टेप लावा आणि झाकण घट्ट बसवू नका. महिन्यातून एकदा मीटर लावून बघा.

गाडीच्या डिकीत भर दुपारी बॅटरी ठेवू नका. ६० अंशांच्या वर लिपोचं नुकसान होतं आणि उन्हातली डिकी तिथवर पोचू शकते. रेसनंतर बॅटरी गरम असेल तर अर्धा तास जाऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. फ्रिजमध्ये ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. बाहेर काढली की आपल्या हवेत तिला घाम फुटतो.

थोडीशीच फुगलीय. चालेल?

नाही. फुगणं म्हणजे आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू झालाय. टाचणी टोचून हवा काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासूनही लांब राहा. हार्डकेसमध्ये फुगणं पटकन दिसत नाही. पॅक सपाट काचेवर ठेवून बोटाने दाबा, डुगडुगला किंवा शिवण उघडलेली दिसली तर तो गेला.

टाकून देण्याआधी उतरवायचा. मोटरसायकलचा १२ व्होल्टचा जुना बल्ब वायरीला झाळून ठेवा आणि बॅटरी उघड्यावर, लक्ष ठेवून त्याला जोडा. बल्ब विझला तरी काही तास तसाच राहू द्या. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय मला पटत नाही, कारण टर्मिनल आधी गंजतात आणि आतला चार्ज तसाच राहतो. मग टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात नाही, तिथे घंटागाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विकणाऱ्याला विचारायला लाजू नका.

पुण्या-बंगळूरला रेसला जायचंय. विमानात नेता येते का?

केबिन बॅगेत येते, चेक-इनमध्ये नाही. सुटी लिथियम बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत चालते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा: ७.४ × ५ म्हणजे ३७. ४एस ६५०० सुद्धा ९६ वर बसते. टोकं टेपने झाका आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. बॅटरीवर वॉट-तास छापलेले असले की सुरक्षा तपासणीत वाद होत नाही. किती नग चालतात ते तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला विचारा. लोकलने ट्रॅकवर जातानाही मी स्टोरेज व्होल्टेजवरच नेतो आणि तिथे पोचल्यावर भरतो.

नायट्रो गाडीला बॅटरी कशाला?

इंजिन इंधनावर चालतं, पण रिसीव्हर आणि सर्व्होंना (स्टिअरिंग आणि थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज लागतेच. पाच सेलचा ६ व्होल्टचा निकेल पॅक किंवा ६.६ व्होल्टचा लाइफ (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) पॅक घ्या. ७.४ ची लिपो सर्व्होंवर 'एचव्ही' (इथे अर्थ, जास्त व्होल्टेज चालतं) लिहिलं असेल तरच. ही बॅटरी रेसमध्ये संपली तर गाडी थ्रॉटल उघडं ठेवूनच सुसाट सुटू शकते, म्हणून फेल-सेफ (बॅटरी उतरली किंवा सिग्नल गेला की थ्रॉटल बंद करणारी सोय) सेट करून आणि तपासून ठेवा.

कुणीतरी वापरलेली बॅटरी निम्म्या किमतीत देतोय. घेऊ?

आपला चार्जर घेऊन जा. दोन्ही सेलचा व्होल्टेज बघा. पडून असलेल्या बॅटरीत ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर सोडा. आयआर बघा, एका सेलचा दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर सोडा. हार्डकेसच्या कडेला फेविक्विकचा ओघळ दिसला तर कुणीतरी ती उघडली होती, सोडा. विकणारा म्हणाला, "फक्त दोनदाच वापरलीय," तर मान डोलवा आणि तरीही मोजा.